खोटं सुरू होतं तिथं काडी

गुरुनाथचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात कवळी नव्हती. ती वाटीतल्या पाण्यात पडली होती आणि मी बेसिनपाशी उभी राहून आरशातल्या बोळक्या बाईला वेडावत होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी "काय?" म्हणाले, पण दातांशिवाय माझा "काय" म्हणजे नुसती फुंकर. त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. अशी माझी मैत्रीण एकाच सकाळी दोनदा गेली... शिवगंगेला हे सांगता आलं असतं, तर ती पदर तोंडाला लावून हसली असती आणि म्हणाली असती, "हे लिव्ह बरं का. कवळीचं सोडू नको. सगळे नेमकं तेच सोडतात."

म्हणून सोडलं नाही. आजार वर्षभर होता, पोटातला. घरात त्याचं नाव कुणी घेत नसे, ती एकटी मोठ्यानं घ्यायची. शेवट मात्र हलका झाला. झोपेत गेली; उशाशी एका राणीचं चरित्र, निम्मं वाचलेलं, आणि त्यावर घडी केलेला चष्मा. नांदेडहून बसनं मी लातूरला पोचले तोवर तिला बसवलेलं होतं. आमच्यात जाळतात. लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. कपाळाला भस्म, गळ्यात हार, पाठीला आधार, आणि मान किंचित खाली. बायका हुंदके देत होत्या आणि मला मात्र वाटलं, ही आता हाताशी चाचपून पान उलटणार. गोदामात तुरीच्या पोत्याला पाठ टेकून ती अशीच वाचायला बसायची. रेणापूरच्या रस्त्याला त्यांचं शेत आहे, तिथं खड्डा घेतला होता. शेजारीच मातीत अर्धा रुतलेला एक लहानसा दगड होता. पाहुण्यांपैकी कुणीतरी त्यावर चपला काढून ठेवल्या होत्या. मी त्या उचलून बांधाकडे ठेवल्या. का ठेवल्या, ते पुढे येईल.

पन्नासेक वर्षांपूर्वी लग्न होऊन मी लातूरला आले, ती शिवगंगेच्या घरात वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून. खाली त्यांचं भुसार मालाचं दुकान, मागे गोदाम. सुनेला नावानं हाक मारायची नाही, माहेरच्या गावानं मारायची, ही त्या घराची रीत. तिच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळ्याच आत्याबाई म्हणत असू, त्यांनी शिवगंगेला केव्हाच 'रेणापूर' करून टाकलं होतं. मी अर्धापूरची, केळीच्या मळ्यातली, म्हणून मी 'अर्धापूर'. सकाळी नळावरून हाक यायची, "अर्धापूर, बग गं रेणापूर उठलं का!" परक्याला वाटावं, हे घर नाही, एसटी स्टँड आहे. पुढे सासवा गेल्या, आम्हीच सासवा झालो, पण आमची नावं तीच राहिली. माझ्या नवऱ्यानंही मला इतक्यांदा नावानं हाक मारली नसेल, जितक्यांदा तिनं गावानं मारली.

त्या वेळची मी म्हणजे एक प्रेक्षणीय वस्तू होते. इतिहासात बी.ए., दुसरा वर्ग आणि डोक्यात पहिला. कॉलेजच्या गॅदरिंगला मी राणी झाले होते. आईचा शालू, पुठ्ठ्याची तलवार, आणि पाठीला बांधलेली उशी म्हणजे राजपुत्र. प्रवेश करताच राजपुत्र सुटला आणि पहिल्या रांगेत प्राचार्यांच्या मांडीवर जाऊन पडला. त्यांनी तो शांतपणे परत दिला. मी मात्र तेव्हापासून स्वतःला राणीच समजत होते. लग्नात ट्रंक आणली तीत साड्या कमी आणि राण्या जास्त. जाड जाड चरित्रं, ज्यांत राणी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी आभाळाकडे बघून बोलायची. मीही विजेच्या ऑफिसात जाणाऱ्या माझ्या नवऱ्याला डबा देताना तशीच मान वर करून बोलायची. तो बिचारा आधी छताकडे बघायचा, पाल आहे का म्हणून.

शिवगंगा माझ्यापेक्षा थोडीच मोठी, पण तेव्हाच विधवा. दोन वर्षं कॉलेज केलेलं, मग लग्न, मग औशाच्या रस्त्याला नवऱ्याला ट्रकनं उडवलेलं. पदरी चार-पाच वर्षांचा गुरुनाथ. मी आले तेव्हा ती नुकतीच दुकानात बसायला लागली होती. आत्याबाई काट्यावर आणि ही गल्ल्यावर. एकदा दुपारी तिनं मला हटकलं, "वर दिवसभर काय वाचून राहिली गं?" मी झाशीच्या राणीचं चरित्र तिच्या हातात दिलं, एखाद्या अडाणी प्रजेवर कृपा करावी तसं. आठवड्यानं पुस्तक परत आलं ते साळिंदरासारखं, जागोजागी काड्या बाहेर आलेलं. मी म्हटलं, "हे काय?"

"केरसुणीच्या हायेत. जिथं खोटं सुरू झालं तिथं एक एक घातली."

"खोटं कसं? छापलेलं आहे ते."

"बरं. हे बग. उडी मारायच्या आधी ती मनात काय बोलली, ते अर्धं पान भरून दिलंय. ह्याला कुणी सांगितलं? तिनं तर न्हाई. मंग काय घोड्यानं?"

मागून आत्याबाई कडाडल्या, "रेणापूर, लक्ष्मीच्या काड्या उपटतीस? घर झाडायला काय दाढी वापरू का कुणाची?" पण त्या स्वतःच दुसऱ्या दिवशी एक जुनी, झिजलेली केरसुणी गोदामात टांगून गेल्या. "ही उपट. ही मेलेलीच हाय." आत्याबाईंचं प्रेम असं असायचं, शिवीत बांधून दिलेलं.

संक्रांतीला गल्लीत हळदीकुंकू व्हायचं आणि शिवगंगेला बोलावणं नसायचं. तिनं त्यावर कधी तोंड वाकडं केलं नाही. श्रावण आला तसं सोमवारी दुपारी तिनं गोदामात बायका जमवायला सुरुवात केली. बोलावणं सगळ्यांना, कुंकू असलेल्यांना आणि नसलेल्यांना. खाली पोती, वर पोती, मध्ये आम्ही. मी मोठ्यानं वाचायची, कारण माझा आवाज नाटकी होता. ती ऐकायची आणि काड्या घालायची. वाचायच्या त्या फक्त राण्या. मी एकदा विचारलं, राजे का नकोत? ती म्हणाली, "ह्या बग सगळ्या. महेश्वरची रांडमुंड. झाशीची रांडमुंड. कोल्हापूरची ती भांडखोर, ती पण. राज्य चालवायला विधवा लागती आन् हळदीकुंकवाला चालत न्हाई. जरा बगू तर, काय करायच्या ह्या." बायका हसल्या. मीही हसले. एकट्या आत्याबाई हसल्या नाहीत, त्या तूर निवडत होत्या.

श्रावण संपला तरी सोमवार संपले नाहीत. आमच्यात वाटणी ठरली ती हळूहळू. खरं-खोटं तिच्याकडे, गोडी माझ्याकडे. ती पुस्तक हातात घेतलं की आधी शेवट उघडायची. कुठली कागदपत्रं पाहिली, ते लेखकानं सांगितलंय का? नसेल तर परत. मग ती एक शब्द शोधायची: 'माहीत नाही.' ज्या लेखकाला तीनशे पानांत एकदाही 'माहीत नाही' म्हणावं लागलं नाही, त्याला राणीच माहीत नाही, असं तिचं म्हणणं. नगरची राणी कशी मेली ते एका पुस्तकात एक, दुसऱ्यात दुसरं. कुणी म्हणे आपल्याच माणसांनी मारलं, कुणी म्हणे विहिरीत उडी घेतली. ज्यानं सगळ्या तऱ्हा मांडून मग आपलं मत दिलं, ते पुस्तक तिनं ठेवलं. दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या राणीचं एक चरित्र मला फार आवडलं होतं, कारण त्यात प्रेमप्रकरण होतं, भरपूर. शिवगंगा म्हणाली, "हे पैल्यांदा लिव्हलं कुणी ते बग. तिला तख्तावरनं खाली ओढणाऱ्यांच्या माणसानं. गल्लीत पण आसंच अस्तं. बाई दुकानात बसली का तिचं कुणाशी तरी जुळवतात." ही गोष्ट मला बी.ए.ला कुणी शिकवली नव्हती. एका राणीची नेहमी दोन पुस्तकं घ्यायची, एक तिच्या भक्ताचं आणि एक तिच्या वैऱ्याच्या बाजूचं, हेही तिचंच. "नवरा-बायकोचं भांडण ऐकाया बसल्यावानी दोन्ही ऐकायचं. दोघं ज्याच्यावर गप बसतात, तिथं खरं अस्तं."

पण नुसतं खरं घेऊन गोदामात बसता येत नाही, ते दुपारी झोपतं. ते काम माझं. एकदा तिनं महेश्वरच्या राणीचं एक अस्सल, कागदपत्रांनी खच्चून भरलेलं पुस्तक आणलं. कुठल्या घाटाला किती दगड लागले तेही त्यात होतं. मी वाचायला लागले आणि थोड्याच वेळात समोरच्या बायका घोरायला लागल्या. मी म्हटलं, "रेणापूर, हे खरं आहे, पण ह्यात राणी कुठंय? ही तर दगडांची यादी आहे." तिला ते पटलं. तेव्हापासून माझी परीक्षा लागू झाली. पुस्तक मध्येच उघडायचं आणि एक पान मोठ्यानं वाचायचं. बायकांपैकी कुणी "मंग?" म्हटलं तर घ्यायचं. आम्हाला दोघींना सगळ्यांत आवडली ती अशी पुस्तकं, ज्यांत राणीची स्वतःची पत्रं होती. कुणा अंमलदाराला झापलेलं, कुणाला धान्य का नाही पोचलं म्हणून विचारलेलं. राणी रागावली की पुस्तक जिवंत होतं. कोल्हापूरची ती म्हणूनच शिवगंगेची लाडकी. "हिला कुणाला गोड करता आलं न्हाई बग. लई प्रयत्न केले बिचाऱ्यांनी."

ती स्वतःही फसली, एकदा. जाडजूड पुस्तक, मागं साधनांची लांबलचक यादी, पानोपानी तळटिपा. तिनं ते मला, बायकांना, दुकानात येणाऱ्या मास्तरांना वर्षभर शिफारस करून दिलं. मग कळलं, त्यातली निम्मी साधनं कुणी कधी पाहिलेलीच नव्हती, त्या माणसानं मनानंच रचली होती. तोवर माझी बदली... म्हणजे नवऱ्याची बदली नांदेडला झाली होती. ती मुद्दाम बस पकडून नांदेडला आली, माझ्या घरी चहा घेतला आणि म्हणाली, "अर्धापूर, माझ्यात काडी घाल." मग आम्ही ऑटोनं एका पुस्तकांच्या प्रदर्शनाला गेलो. विक्रेता एक रंगीत पुस्तक पुढे करून म्हणाला, "ताई, हे घेऊन जा, लई खपून राहिलंय." ती म्हणाली, "खपतंय? अरे देवा. मंग राणी त्यात लई देखणी आसंल." तो हसला आणि पुस्तक खाली ठेवून त्यानं आपणहून मागच्या कपाटातलं एक जुनं काढून दिलं.

तिचं एक खूळ मात्र मला कधी कळलं नव्हतं. चरित्रात लेकराबाळांचं पान आलं की ती मला थांबवायची. 'राणीस तीन अपत्ये झाली, पैकी एक जगले.' शिवगंगा विचारायची, "बाकीच्यांची नावं?" मी म्हणायची, "नाहीत दिलेली." "पोरी आसतील," ती म्हणायची आणि काडी घालायची. मी एकदा म्हटलं, ह्यात खोटं काय आहे? आकडा बरोबर असेल की. ती म्हणाली, "झाशीच्या राणीचं लेकरू काही महिन्यांचं गेलं, त्याचं नाव हाय न पुस्तकात? कामून? तो गादीचा होता. जी गेली आन् नाव न्हाई ठिवलं, तिला दोनदा मारलं." मला वाटलं, बाई जनगणनेवर लागली आहे. तसं मी म्हटलंही, आणि स्वतःच्याच विनोदावर खूप वेळ हसले. मी तेव्हा फार विनोदी होते. आणि दुसरी एक जागा, जिथं ती न चुकता काडी घालायची: राजा मेल्यानंतरचं पान. राजा एका ओळीत मरायचा आणि पुढच्या ओळीत 'दुःख गिळून राणी राज्यकारभाराला लागली.' शिवगंगा विचारायची, "किती दिवसांनी लागली? तवर कोण बगत होतं? तिला कुणी जेवाया घातलं?" कुठल्याच पुस्तकात ते नसायचं.

ह्या उन्हाळ्यात ती लातूरच्या दवाखान्यात होती. अंगाचं निम्मं उरलं होतं, पण डोळे तेच, गल्ल्यावरचे. मी नांदेडहून दोन दिवसांसाठी गेले होते. दुपारची वेळ, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. मी तिला एका नव्या चरित्रातलं पान वाचून दाखवत होते आणि ते वाक्य आलंच. दुःख गिळून. मी थांबले, आता ती काडी मागणार म्हणून. तिनं मागितली नाही.

"मला पण हेच चिकटवशीला तुम्ही," ती म्हणाली.

"कोण?"

"तू, न्हाईतर गुरुनाथ. 'शिवगंगाबाईंनी दुःख गिळून दुकान संभाळलं.' आसंच येतंय का न्हाई बग."

"येऊ दे की. संभाळलंसच तू."

"वर्षानं संभाळलं. पैल्या वर्षात म्या कायबी केलं न्हाई, अर्धापूर."

मग तिनं सांगितलं. मी पुस्तक मिटलं. नवरा गेला तेव्हा तिच्या पाळण्यात काही महिन्यांची मुलगी होती. उमा. हे नाव मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकलं, इतकी वर्षं त्या घरात आणि त्या घराशी राहून. गोदामाच्या तुळईला कडी होती, तिला पाळणा टांगलेला, पाळण्याला इवलंसं लिंग बांधलेलं. आणि शिवगंगा खाली पोत्यावर, भिंतीकडे तोंड करून. उठायची नाही, बोलायची नाही, दूध आटलेलं. आत्याबाई दुकान बघायच्या, मधेच येऊन पोरीला वाटीनं दूध पाजायच्या, परत जायच्या. मग पोरीला ताप आला.

"ती रडून राहिली होती. मला ऐकू येत होतं... लांब कुणाचं तरी लेकरू रडून राहिलं आसं वाटायचं. उठावं आसं वाटायचं न्हाई. आत्याबाई दुकानात, बाजाराचा दिवस. मंग रडणं बंद झालं. आन् मला बरं वाटलं, अर्धापूर. म्हनलं, झोपली एकदाची."

तिनं पाणी मागितलं. मी दिलं. पाणी गिळताना तिला त्रास होत होता.

"आत्याबाईंनी नेलं तिला शेतात. वर बारका दगड रोवला. मला हलवलं पण न्हाई. परत आल्या, हात धुतले आन् माझ्याम्होरं ताट ठिवलं. एक शब्द बोलल्या न्हाईत. मरंपत्तर न्हाई बोलल्या. त्यांचा ल्योक गेला, नात गेली, सून भिताडाला लागलेली, आन् गल्लीत नाव काय? सासू लई खाष्ट! काटा त्यांनी धरला व्हता. सगळं वरीस. मंग एक दिवस बकोट धरून मला उठवलं, ऊठ म्हनल्या, हात दुखून राहिलाय माझा... 'गिळलं' म्हणू नको तू. गिळाया तोंड उघडावं लागतं. म्या तोंड उघडलंच नव्हतं."

मी रिकामा पेला खाली ठेवला. तीच पुढे म्हणाली, "तू लिव्हशील. लिव्हल्याबिगर राहणार न्हाईस, मला ठाव हाय. तवा तिचं नाव घाल. 'एक अपत्य दगावले' म्हनलीस तर वरून येऊन काडी खुपसीन डोळ्यात."

"आधी मर तर," मी म्हटलं.

"त्येच करून राहिली न," ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. दवाखान्यात हसायची ती जागा नव्हती. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक आमच्याकडे बघायला लागले.

ती गेली त्यानंतर काही आठवड्यांनी वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तिच्यावर लेख द्यायचं ठरलं. गुरुनाथनं मला मोबाइलवर मुद्दे पाठवले. गुणी मुलगा आहे, आता त्यालाच नातवंडं व्हायची वेळ आली. दुसऱ्याच ओळीत होतं: दुःख गिळून दुकान संभाळले. शब्द न् शब्द तोच. मी त्याला फोन केला आणि उमाचं नाव लेखात घालणार आहे असं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, ते राहू द्या. घरातलं हाय, घरात राहू द्या. लोक काय म्हणतील ठावं हाय का? पोरीला उपाशी मारलं म्हणतील. आख्ख्या बाजारात आईला मान होता. तुम्ही एका ओळीत घालवशीला."

तो चूक बोलत नव्हता. लोक म्हणतील. मला ते गोदामातल्या सोमवारांपासून ठाऊक आहे, बाईच्या बाबतीत लोकांना सगळ्यांत आधी वाईट वाक्य सुचतं. मी दोन लेख लिहिले. एकात उमा होती, एकात नव्हती. नसलेला फार सुरेख झाला. त्यात शिवगंगा अगदी माझ्या ट्रंकेतल्या राण्यांसारखी दिसत होती, आभाळाकडे बघणारी. तो मोठ्यानं वाचला तेव्हा माझी नात म्हणाली, "आजी, किती छान." 'मंग?' असं काही ती म्हणाली नाही. मी तो फाडला आणि दुसरा पिशवीत घालून लातूरची बस धरली. म्हटलं, आधी त्याला वाचून दाखवायचा. तो नाही म्हणाला तर... पुढचं मी ठरवलं नव्हतं. माहीत नाही, असंच लिहिते.

गोदामात आम्ही दोघंच बसलो. तो एका पोत्यावर, मी खुर्चीवर, कारण माझे गुडघे आता पोत्यावरून उठू देत नाहीत. वर तुळईची कडी आहे, तिला किती वर्षांपासून मोठा काटा टांगलेला आहे. मी वाचायला लागले, कवळीपासून. त्याला हसू आलं. आत्याबाईंची केरसुणी आली तेव्हाही आलं. पाळण्यापाशी आले तेव्हा त्यानं वर पाहिलं आणि मग मान खालीच घातली. मी वाचत राहिले. संपवलं तेव्हा माझा आवाज नाटकी राहिला नव्हता.

"मला पाळणा आठवतो," तो म्हणाला. "मला वाटायचं, माझाच आसंल."

मग तो उठला. कोपऱ्यात खिळ्याला केरसुणी असते, तिच्यातली एक काडी त्यानं उपटली. माझ्या हातातले कागद घेतले. मला वाटलं, आता उमाच्या पानात घालणार. त्यानं अगदी वरचा कागद काढला, त्यावर बोट फिरवत आला आणि तिथं काडी ठेवली.

"इथं. उशाशी पुस्तक नव्हतं, मावशी."

मी म्हटलं, "तूच सांगितलंस ना, झोपेत गेली म्हणून?"

"लोकांला तसंच सांगून राहिलो मी. पुस्तक तुम्ही घातलं." आणि ते खरं होतं. कधी घातलं ते मलाही कळलं नव्हतं. ते आपोआप आलं, चष्म्यासकट. "शेवटी तिला वाचता येत नव्हतं. लई दुखायचं. चष्मा मीच कपाटात ठिवला व्हता. भिताडाकडं तोंड करून पडायची, आन् सारखं विचारायची, 'झोपली का?' मला वाटायचं, माझ्या बायकोचं विचारती. मी म्हणायचो, झोपली आई. मंग जरा गप व्हायची. परत थोड्या वेळानं, 'झोपली का?'... मला काय ठाव, मावशी, कुणाचं विचारून राहिली."

तो बाहेर दुकानात निघून गेला. गिऱ्हाईक आलं होतं. जाताना दारात थांबून म्हणाला, "नाव ऱ्हाऊ द्या. आन् आत्याबाईचं पण ऱ्हाऊ द्या."

वरचं ते उशाशी ठेवलेलं पुस्तक मी खोडलेलं नाही. इतकी वर्षं राण्यांच्या लेखकांना नावं ठेवून शेवटी मीही घोड्यानं सांगितलेलं लिहिलंच. ते तसंच राहू दे. लेखाचा तो कागद मी गोदामात तिच्या पोत्यावर ठेवून आले आहे. काडी आत आहे.